मानवी हक्क दिनाच्या सहा खुर्च्या

१० डिसेंबर १९५८, बुधवार. काम : मानवी हक्क दिन साजरा करणे व संध्याकाळी पाचच्या आत रिपोर्ट देणे.

डायरीत एवढंच लिहिलेलं आहे. सकाळी साडेनऊला जीप ओढ्यापाशी थांबली. पुढं चाकं रुतत, म्हणून गावापर्यंतचा अर्धा मैल नेहमी पायी जावं लागे. ओढ्यावर दोन माणसं उभी असायची, तशी आजही होती. एकानं माझी बॅग घेतली, दुसऱ्यानं पुस्तिकांचा गठ्ठा डोक्यावर घेतला. दोन वर्षं मी या गावाला येत होते आणि दर वेळी दोन माणसं अशीच उभी असत. गाव अगत्याचं आहे, असं मी पहिल्याच टूर डायरीत लिहून ठेवलं होतं.

मी तेव्हा कळंबकडच्या एका ब्लॉकमध्ये मुख्यसेविका होते. ब्लॉक म्हणजे गावांचा विकास गट. त्याच्या प्रमुखाला बी.डी.ओ. म्हणत. बायकांशी संबंध येणारं सगळं काम मुख्यसेविकेकडं असे : बिनधुराची चूल, बाळंतपणाची काळजी, शिवणवर्ग, साक्षरता. निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती, मराठवाडा मुंबई राज्यात येऊन दोन. ऑफिसात उर्दू फायली अजून कपाटावर होत्या आणि नव्या मराठी फायली कपाटात.

मानवी हक्क दिनाचं सर्क्युलर आठ दिवसांपूर्वी आलं होतं. जगातल्या देशांनी एकत्र बसून माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा मान्य केला, त्याला दहा वर्षं पूर्ण होत होती. तो गावोगाव वाचून दाखवावा, असा आदेश होता. सोबत पुस्तिका. त्यात तीस कलमं. सगळी वाचा, असं बी.डी.ओ. साहेब म्हणाले. मी आदल्या दिवशी पेन्सिलीनं सातांवर खुणा केल्या. तीस कलमं उन्हात ऐकायला लावणं पाचव्या कलमाच्या विरुद्ध गेलं असतं. पाचवं कलम छळाबद्दल आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. यातली माणसं अजून तिथंच राहतात.

चावडीपुढचं अंगण ताजं सारवलेलं होतं. हाताच्या सहा लाकडी खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर मी, पोलीस पाटील, शाळेचे गुरुजी आणि गावातली तीन वजनदार माणसं. बाकीचे पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीच्या कडेला. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं सतरंजी संपते तिथून पुढं, उभी. या वस्तीकडं पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामं होती. सांगावा पोचवणं, सरकारी माणसाचं सामान वाहणं, चावडी झाडणं. हे मला माहीत होतं. म्हणजे पुस्तकात वाचलेलं होतं.

पहिली तीन कलमं ठीक गेली. लोक मान डोलवत होते. चौथं कलम मी सोप्या भाषेत सांगितलं. कुणालाही गुलाम करता येणार नाही, वेठीला धरता येणार नाही. पुढं माझ्याकडून जोडलं, की आपल्या राज्यघटनेतही तेविसाव्या कलमात हेच आहे. वेठबिगार घेणं हा आता गुन्हा आहे.

सतरंजीच्या पलीकडून एक बाई बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"बाई, मग ह्या खुर्च्या माघारी कुणी न्यायच्या?"

लोक हसले. गुरुजीही हसले. मीही हसणार होते, पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. ती उत्तराची वाट पाहत उभी होती.

तिचं नाव गिरजाबाई. पन्नाशी उलटलेली. नवरा वारलेला, मुलगा बार्शीला गिरणीत, घरात सून आणि दहा दिवसांचं मूल. मी विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, की या खुर्च्या दोन मैलांवरच्या मोठ्या शाळेतून आणल्या आहेत. वस्तीतल्या सहा घरांनी डोक्यावर एकेक. मुलगा गावात नाही, म्हणून तिच्या घरची खुर्ची तिनंच आणली. अंगण सारवायची पाळीही तिच्या घराची. सुनेला बोलावणं आलं होतं. सून बाळंतीण, म्हणून तेही तिनंच केलं.

मी म्हणाले, "पण हे करायला सांगितलं कुणी?"

"तुमी," गिरजाबाई म्हणाली.

पाटील शांत माणूस होते. रागावले नाहीत. मला चावडीत घेऊन गेले, चहा मागवला आणि खुंटीवरची तार काढून माझ्यापुढं ठेवली. कागद ओवून ठेवायची लोखंडी तार असते, ती. तीत माझी पत्रं होती. चौदा. दौऱ्याला निघायच्या आधी गावाला कळवायचं पत्र मी दर वेळी कार्बन लावून लिहीत असे. अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक विषयावर कार्यक्रम. शेवटची ओळ ठरलेली : 'योग्य ती व्यवस्था व्हावी.' खाली माझी सही आणि ऑफिसचा शिक्का.

ही ओळ मी माझ्या आधीच्या बाईंच्या पत्रावरून उचलली होती. त्यांनी कुठून उचलली, माहीत नाही.

पाटलांनी समजावून सांगितलं, "बाईसाहेब, निजामाच्या वक्ताला दौऱ्याचा कागद यायचा. त्याला सरबराईचा हुकूम म्हणायचे. कागद आला की लाकूड, पाणी, दूध, बाज, सामान उचलायला दोन माणसं. घरं नेमलेली. आता राज बदललं, शिक्का बदलला. पण कागद येतोय न्हवं? हुकूम तुमचा, पाळी त्यांची. मी आपला मधला."

यात लबाडी नव्हती, असं मला आजही वाटतं. त्यांच्या वडिलांनी तारेत कागद ओवले, त्यांनीही ओवले. त्यांना कुणी थांबा म्हटलं नाही. कागद पाठवणारी मीच होते.

मी बाहेर आले. सभा मोडली होती. गिरजाबाई तिथंच होती. मी तिला विचारलं, की चौदाही वेळा तुम्हा लोकांना बोलावलं होतं का. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं माझे चौदा दौरे ओळीनं सांगितले. मला स्वतःला ते डायरी उघडल्याशिवाय सांगता आले नसते.

"बिनधुराची चूल दावायला आलात, तवा लाकडं आमी फोडली. पोरास्नी दूध कसं पाजावं ते सांगितलंत, तवा तुमच्या च्याचं दूध शिरप्याच्या घरचं, त्याची पोरं तशीच निजली. हात धुवायचं शिकवलंत, तवा हंडे आमच्या डोईवर. गरवार बाईनं वझं उचलू नये म्हणालात, ते आमच्या सुनेनं ऐकलं. ती तिथंच व्हती. तुमास्नी पाणी घेऊन आल्ती. सातवा व्हता तिला."

टोमणा नव्हता. ती आठवेल तसं सांगत होती, आणि तिला सगळं आठवत होतं.

मी म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं न्हाय. आज तुमीच म्हणालात, गुन्हा हाय म्हणून. मग म्हटलं, इचारावं."

तिचं मागणं एकच होतं. पुढच्या आठवड्यात देवी टोचणारे येणार होते, म्हणजे पुन्हा कागद, पुन्हा पाळी. ती स्वतः सारवून आणि खुर्ची वाहून थकली होती. ती पडली, तर सुनेला जावं लागेल. ते होऊ नये, असं कागदावर लिहून पाहिजे.

मी तिला जबाब म्हणजे काय ते सांगितलं. तू सांगायचं, मी लिहायचं, वाचून दाखवायचं, तू अंगठा द्यायचा. मग तो कागद वर जातो. आणि ज्याच्याविरुद्ध तो असतो, त्यालाही कळतो. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं. त्याला कारण होतं.

वस्ती ओढ्याच्या काठाला होती. दर पावसाळ्यात गिरजाबाईच्या घरात गुडघाभर पाणी शिरे. ब्लॉकच्या योजनेतून उंचावरच्या माळावर अकरा घरांना जागा मिळायच्या होत्या आणि यादीत तिचं नाव चौथं होतं. यादीवर पाटलांची शिफारस लागत असे. पाटील चावडीच्या दारात उभे होते. ते गिरजाबाईकडं न बघता मला म्हणाले, "यादी अजून माझ्याकडंच हाय, बाईसाहेब. पक्की व्हायचीय."

धमकी म्हणावी, तर त्यात काही नव्हतं. माहिती होती. गिरजाबाईनं ती ऐकली. मग म्हणाली, "जागा मिळंल तवा मिळंल. पाणी चार म्हयने येतंय. पाळी बारा म्हयने हाय. लिवा."

मी पायरीवर बसून लिहू लागले. नोकरीत मी पुष्कळ जबाब लिहिले, पण असा साक्षीदार मला परत भेटला नाही. मी लिहिलं, 'आमच्याकडून जुलमाने काम घेतात.' वाचून दाखवलं, तर तिनं थांबवलं.

"जुलूम लिवू नका. पाटलानं कुणाला हात लावला न्हाय. सांगावा येतो, आमी जातो. न गेलो तर काय व्हतं, ते लिवा."

"काय होतं?"

"दोन दिस आडावरनं पाणी वाढत न्हाईत."

वस्तीला गावाच्या आडाला शिवता येत नसे. वरून कुणी घागरीत ओतलं तरच पाणी. मी 'जुलमाने' खोडलं आणि आडाचं लिहिलं. खोडलेल्या ओळीपेक्षा ती कितीतरी भारी झाली. वकिलाला जे शिकायला वर्षं लागतात, ते तिला येत होतं. जे झालं, तेवढंच सांगायचं.

शेवटी ती म्हणाली, "आनि माझंबी नाव घाला. सातव्या म्हयन्यात सुनेला पाण्याला म्याच धाडलं. माझी कंबर धरली व्हती म्हणून. ती न्हाय म्हणत व्हती."

मी म्हणाले, याची गरज नाही. तक्रार तिची आहे, तिच्याविरुद्ध नाही.

"धाडलं ते धाडलं," ती म्हणाली. "लिवा."

मी लिहिलं. तिनं डावा अंगठा दिला आणि शाई शेण वाळलेल्या बोटांनी पुसली. वस्तीतल्या इतर पाच घरांतून कुणी पुढं आलं नाही. त्यांच्यावर राग नको. त्यांची नावंही त्याच यादीत होती.

परत येताना जीपमध्ये मी तीन वेगवेगळे रिपोर्ट मनात जुळवून पाहिले. तिन्हींत पाटलांचं नाव होतं, माझं एकातही नव्हतं. आमचे ड्रायव्हर हमीदभाई निजामाच्या काळापासून सरकारी गाड्या चालवत आले होते. मी त्यांना विचारलं, की ओढ्यावर उभी राहणारी माणसं पाळीची असतात, हे तुम्हाला माहीत होतं का.

"सबको मालूम हाय बाई," ते म्हणाले. "मला वाटलं, तुमालाबी मालूम असंल."

पाच वाजता मी साहेबांच्या टेबलावर रिपोर्ट आणि जबाब ठेवला. साहेब पूर्वी निजामाच्या महसूल खात्यात पेशकार होते. सरळ माणूस, पण निवृत्तीला थोडाच काळ उरलेला. रिपोर्टचं पहिलं वाक्य मी असं लिहिलं होतं : 'सदर गावी दोन वर्षे वेठ घेण्यात आली; ती माझ्या दौऱ्यांसाठी, माझ्या सहीच्या पत्रांवरून.'

त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"कार्यक्रम शांततेत पार पडला, असं लिहिता आलं असतं."

"तेही खरं आहे साहेब. शांततेतच पार पडला."

"मार्चमध्ये तुमचं कन्फर्मेशन आहे. या कागदात पहिला दोष कुणावर येतो, दिसतं ना?"

"माझ्यावर."

"मग पाटलापासून सुरू करा की. तुमचं खाली कुठंतरी येईल."

मी सांगितलं, की जी बाई तक्रार करते आहे, तिनं स्वतःची चूक अंगठ्याच्या वर लिहून घेतली आहे. तिला घराच्या जागेवर पाणी सोडावं लागेल. मला फार तर एक मेमो मिळेल. माझं नाव खाली ढकलून मी तिचा कागद पुढं पाठवू शकत नाही.

साहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या तारेत अजून कुणाची पत्रं होती?"

"तुमची होती. सात. तुमच्या दौऱ्याला कोंबडी लागते, असं पाटील म्हणाले."

"मी कोंबडी मागितलेली नाही."

"मीही हंडे मागितले नव्हते साहेब."

साहेबांनी टाक उचलला आणि माझ्या पहिल्या वाक्यात दोन्ही 'माझ्या'पुढं बारीक अक्षरात लिहिलं : 'व गट विकास अधिकारी यांच्या'. खाली सही केली. कागद जिल्ह्याला गेला.

त्याचं पुढं काय झालं, ते थोडक्यात सांगते. जानेवारीत मला मेमो आला. दोन वर्षांत ही बाब आपल्या लक्षात का आली नाही, याचा खुलासा करावा. मी खुलासा केला : 'विचारले नाही.' माझ्या सर्व्हिस बुकात ताकीद चढली. अजून आहे. कन्फर्मेशन सहा महिने लांबलं. साहेबांना काय आलं, ते त्यांनी सांगितलं नाही. पाटलांना समज मिळाली आणि ते पाटील राहिले.

आमच्या जिल्ह्यात मात्र नवा नियम निघाला. दौऱ्याचं पत्र चावडीवर जाणार नाही. अंथरूण, स्टोव्ह, पाण्याची सुरई ज्यानं त्यानं बरोबर न्यायची. काही अधिकाऱ्यांचे दौरे त्यानंतर एकदम कमी झाले. कामावर परिणाम झाल्याचं कुणी कळवलं नाही.

गिरजाबाईला किंमत पडली. आडावरचं पाणी वस्तीला आठ दिवस बंद होतं. ओढ्यात झिरा खणून त्यांनी भागवलं आणि वस्तीतलीच माणसं तिला बोलली. मी ते कळल्यावर पोचले, तोवर नववा दिवस होता. वस्तीच्या विहिरीसाठी त्या दिवशी अर्ज केला. विहीर व्हायला तीन वर्षं लागली.

फेब्रुवारीत जागांची यादी पक्की करायची होती. साहेबांनी ती चावडीत न करता शाळेपुढं उघड्यावर, गावासमोर वाचली. अकरा नावं झाली. गिरजाबाईचं नव्हतं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, की पहिल्या यादीत आपण चौथ्या होतो, आता कितव्या. पाटील म्हणाले, लिहिताना राहिलं असेल. चौथ्या नंबरवर त्यांच्या एका गड्याचं नाव होतं आणि त्या गड्याला गावात घर होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. साहेबांनी सगळ्यांना विचारलं, की याला घर आहे का. कुणीच उत्तर देईना. मग वस्तीतला शिरपा, ज्याच्या पोरांचं दूध माझ्या चहाला गेलं होतं, उठला आणि म्हणाला, "हाय." त्याच्यामागं आणखी तिघं म्हणाले. साहेबांनी तिथंच नाव खोडलं आणि गिरजाबाईचं घातलं. माळावरचं ते घर मी पाहिलं आहे. ओट्यावर नातू खेळत होता.

त्यानंतर मी बऱ्याच गावांत माणसाच्या हक्कांबद्दल बोलले. आता सुरुवात जाहीरनाम्यानं करत नाही. आधी विचारते, मी येणार म्हणून आज इथं कुणाला काय करावं लागलं. उत्तर यायला वेळ लागतो. मी थांबते.

हे सगळं पुढचं. अकरा डिसेंबरच्या सकाळी यातलं काहीच घडलेलं नव्हतं आणि सहा खुर्च्या चावडीपुढं तशाच होत्या. मी हमीदभाईंना जीपला ट्रेलर जोडायला सांगितला. ट्रेलर ओढ्यापर्यंतच जातो, असं ते म्हणाले. मी म्हणाले, पुढचं मी बघते.

सकाळी आठला गावात पोचले. ओढ्यावर कुणी नव्हतं. माझी पिशवी माझ्याच हातात होती आणि ती मला वाटायची त्यापेक्षा जड होती. चावडीवर चारदोन माणसं बसली होती. मी पदर खोचला आणि पहिली खुर्ची उचलली. ती डोक्यावर घेता येईना, म्हणून पोटाशी धरली. ट्रेलरपर्यंतचा अर्धा मैल जायला मला चार वेळा टेकवावी लागली. दुसऱ्या फेरीला गुरुजी आले, तिसऱ्या फेरीला हमीदभाई, जीप सोडून. पाटील दारात उभे राहून बघत होते. चौथ्या खुर्चीला त्यांनी पुढं होऊन एका बाजूनं हात लावला, पायरी उतरेपर्यंत. तेवढाच.

गिरजाबाई रस्त्याच्या कडेला, मूल छातीशी धरून उभी होती. हात लावायला पुढं आली नाही. येऊही नये, असं मला वाटत होतं. मी शेवटची खुर्ची उचलली, तेव्हा मात्र ती बोलली.

"बाई, ती मागच्या पायाला धरू नका. निखळतोय. आनताना म्या सुतळीनं बांधलाय."

मी खाली बघितलं. पायाला सुतळीचे पाच वेढे होते आणि घट्ट गाठ. आदल्या दिवशी मी त्याच खुर्चीवर बसून चौथं कलम वाचलं होतं. मी पुढच्या पायांना धरून ती उचलली आणि मोठ्या शाळेत नेऊन दिली.